ऑस्करच्या टाकीला ब्लोडाऊन

२ जून २०२४, इचलकरंजी

आज स्पंज फिल्टर धुवायला म्हणून बाहेर काढला आणि सगळ्या टाकीचा चहा झाला. गेले तीन आठवडे स्पंजने जे काही धरून ठेवलं होतं ते वर येता येता निम्म्याहून जास्त सुटलं. चारही ऑस्कर मासे कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. सकर मासा तेवढा काचेला चिकटून होता, त्याला कशाचंच काही नाही.

टाकी सहा बाय दोन बाय दोन फूट. चोवीस घनफूट म्हणजे काठोकाठ ६८० लिटर, वर थोडी जागा सोडली की साधारण ६२०. काच १२ मिलिमीटरची. एक हॉटेल बंद झालं तिथून स्वस्तात मिळाली. तेव्हा टाकीचा भाव बघितला, फिल्टरचा बघितलाच नाही. ऑस्कर खाताना दाणा चावून निम्मा कल्ल्यांतून बाहेर सोडतात, आणि विष्ठा म्हणाल तर छोट्या कुत्र्याइतकी. वर आजूबाजूला यंत्रमाग. खिडकी उघडी राहिली की कापसाचं तूस पाण्यावर साय धरल्यासारखं बसतं.

निम्मं पाणी बदलून टाका हा सोपा उपाय सगळे सांगतात. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांतून एकदा येतं. तीनशे लिटर माशांना ओतलं तर घरात मलाच राहायला मिळणार नाही.

मोजमाप म्हणून एक केलं. टाकीच्या एका टोकाला बाहेरून कॅलेंडरचं पान चिकटवलं, छापील बाजू आत. दुसऱ्या टोकाकडून सहा फूट पाण्यातून वाचायचं. आजची नोंद: महिन्याचं नावसुद्धा लागत नाही. लाल आणि काळं काहीतरी आहे एवढंच.

५ जून

कोल्हापुरात दुकानात विचारून आलो. एवढ्या टाकीला चालेल असा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, चौदा हजारांच्या पुढे. दुकानदार म्हणाला, दोन लावा. मी चहा पिऊन परत आलो.

मी सायझिंगमध्ये, म्हणजे मागावर जाणाऱ्या सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, मेंटेनन्सला आहे. पाईप, पंप, व्हॉल्व्ह, गळती हेच दिवसभर चालतं. हे काम घरी जमत नसेल तर पगार कशाचा घेतो? ठरवलं ते असं: टाकीतून पाणी आपोआप खाली सांडायचं, पहिल्या ड्रममध्ये जड घाण बसवायची, दुसऱ्यात मधली अडवायची, शेवटच्या टबात स्पंजमधून गाळून पंपाने वर. पंप एकच, तोही शेवटी. सुरुवातीला पंप ठेवला तर त्याचा पंखा विष्ठेचं पीठ करतो, आणि पीठ झालेली घाण कशातच अडकत नाही. आतापर्यंतच्या माझ्या फिल्टरात हेच चाललं होतं.

९ जून

ड्रम. पन्नास लिटरचे निळे, गळ्याला रिंग असलेले. भंगारवाल्याकडे ढीग होता, पण आमच्या गावातले ड्रम म्हणजे रंग, पेरॉक्साईड आणि देव जाणे काय काय. एकाचं झाकण उघडलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते नको. शेवटी एका केटररकडून लोणच्याचे दोन मिळाले, अडीचशेला एक. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतले, गच्चीवर उन्हात ठेवले. हिंगाचा वास जाता जाईना. आई म्हणाली, "माशांना फोडणी पण दे."

१२ जून

काचेला भोक. हे काम स्वतः करायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. टाकी हलणं शक्य नाही (नुसती काचच सव्वाशे किलोच्या आसपास भरते), म्हणून बाजूच्या काचेला वरच्या कोपऱ्यात जागेवरच पाडायचं. पाणी निम्म्यावर आणलं, मासे आतच. काचवाल्याने हिऱ्याचं गोल कटर लावलं, वेग कमी, आणि मी बाटलीने कटरवर सतत पाणी मारायचं. आतल्या बाजूला जाड चिकटपट्टी, म्हणजे शेवटी कपची उडत नाही. तो जोर देतच नव्हता. ड्रिलच्या वजनावर काच आपली आपण झिजू द्यायची. पांढरं दुधासारखं पाणी काचेवरून ओघळत होतं, वीस-बावीस मिनिटं. शेवटची एक मिलिमीटर राहिली तेव्हा त्याने मशीनवरचा हात अजून हलका केला आणि श्वास रोखला. मीही. चकती माझ्या तळहातात पडली तेव्हा गरमही नव्हती.

तीनशे रुपये. चकती जपून ठेवली आहे.

१६ जून

जोडणी. भोकाला दीड इंची टँक निपल (काचेतून पाईप बाहेर काढायचा जोड), तिथून पाईप खाली पहिल्या ड्रमात. ड्रमच्या आत एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, भिंतीला समांतर वळवला, म्हणजे पाणी भिंतीला धरून गोल फिरत राहतं. चहाचा कप ढवळून ठेवला की पत्ती मधोमध गोळा होते, तसाच गाळ ड्रमच्या तळाशी मध्यावर यायला हवा. बाहेर जाणारा पाईप वरच्या बाजूला.

गाळ मध्यावर, पण तळाचा व्हॉल्व्ह ड्रमच्या बाजूला. म्हणून आतून एक इंची पाईपचा तुकडा मध्यापर्यंत नेला आणि टोकाला एल्बो तळाकडे तोंड करून लावला. तळापासून दोन बोटं वर.

गोल ड्रमला सपाट वॉशर बसत नाही हे मला वीस वर्षं माहीत आहे आणि तरी सपाटच वॉशर लावला. पहाटे फरशी ओली. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे मोठे वॉशर कापून आतबाहेर दोन्हीकडून दाबले, तेव्हा थांबलं.

१७ जून

पहिल्यांदा सुरू केलं. पंप ४० वॅटचा, खोक्यावर तासाला ३००० लिटर लिहिलेलं. तो आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी साडेचार फूट चढवायचं आणि मध्ये तीन एल्बो. वरच्या तोंडाला वीस लिटरची बादली धरली: ४२ सेकंद. म्हणजे तासाला १७००च्या थोडं वर. टाकीचं पाणी तासात पावणेतीन वेळा फिरतं. ऑस्करला अजून हवं, पण गाळ बसायला हळूच बरं. पाईप भरून वाहिला तर त्यात पाण्याचा वेग सेकंदाला फूटभर येतो. तेच पाणी ड्रमात वर चढताना सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटीमीटर. जे यापेक्षा लवकर बुडतं ते खाली राहतं, बाकीचं पुढे जातं. पहिल्या ड्रमाचं गणित एवढंच.

मग मुद्दाम स्विच बंद केला, लाईट गेली तर काय होतं ते बघायला. टाकीतलं पाणी भोकाच्या काठापर्यंत उतरतं, ते सुमारे इंचभर. इंचभर म्हणजे काय, असं वाटतं. बारा चौरस फुटांवर एक इंच म्हणजे एक घनफूट, २८ लिटर. ड्रमांची पातळी ठरलेली, त्यामुळे ते सगळं शेवटच्या टबात. टबात जागा पंधराची.

बायकोने पोछा आणून माझ्यासमोर ठेवला. काही बोलली नाही.

एवढ्यावर निभावलं, कारण पुसता पुसता दुसरी गोष्ट दिसली आणि मी पळत जाऊन पंप लावला. परतीच्या पाईपचं तोंड पाण्यात चार इंच बुडालेलं होतं. पंप थांबला की तोच पाईप उलटा ओढायला लागतो. चार इंच म्हणजे ११३ लिटर. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाईपला पाच मिलिमीटरचं भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. टब बदलून ऐंशी लिटरचा आणला. चालू असताना पाणी कुठपर्यंत असावं त्याची मार्करने रेघ मारली.

१९ जून

रात्रभर टाकी गडगडत होती. उभ्या पाईपात पाण्याबरोबर हवा ओढली जाते आणि मग ढेकर दिल्यासारखी सुटते. यावर परदेशातल्या हौशी लोकांची डर्सो नावाची जुनी जुगत आहे: एल्बोऐवजी तीन तोंडांचा टी लावायचा, वरच्या तोंडाला टोपी, टोपीला बारीक भोक. भोक मोठं-लहान करत जायचं. तीन टोप्या वाया घालवल्यावर अडीच मिलिमीटरला आवाज बसला. आता आईला टीव्ही ऐकू येतो.

२२ जून

ड्रम दोनमध्ये प्लास्टिकच्या घासण्या भरल्या, जाळीच्या पिशवीत, दोन डझन. शेवटी गाळायला काय वापरायचं यावर अडकलो आहे. बाजारातल्या गाळायच्या तयार पिशव्या (फिल्टर सॉक) महाग, आणि आमच्या गावात कापड विकत आणायचं म्हणजे समुद्रावर जाऊन मीठ विकत घेण्यासारखं. ओळखीच्या कारखान्यातून मलमलीचं ग्रे कापड मिळालं, मागावरून उतरलेलं, विरळ विणीचं. सुती आहे, पाण्यात कुजणार हे कळतं. पण आठवडाभर टिकलं तरी चालेल, फेकायचं आणि दुसरं लावायचं. बायकोने मशीनवर दोन पिशव्या शिवून दिल्या.

२३ जून

पाणी किंचित पांढरट. कापडातली धूळ असेल.

२४ जून

धूळ नाही. टाकीत दूध ओतल्यासारखं झालंय. ऑस्कर वर येऊन तोंडं मारतायत. कॅलेंडर सोडा, मधला दगड दिसत नाही.

कामावर खळ शिजवायच्या कुकरपाशी उभा होतो, वाफ तोंडावर येत होती, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ग्रे कापड! मागावर जायच्या आधी ताण्याला खळ आम्हीच लावतो. स्टार्च, आणि वर मऊपणासाठी काय काय. कापड प्रोसेसला जातं तेव्हा ती खळ काढतात, ग्रेमध्ये ती तशीच असते. मी माशांना दोन मीटर खळ खायला घातली. तिच्यावर जंतू वाढले, पाणी पांढरं झालं, आणि त्यांनी पाण्यातला ऑक्सिजन ओढला. आठ तास ज्या वासात उभा असतो तोच वास मला घरी आला नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पिशव्या बाहेर, दोन हवेचे पंप टाकीत, दाणा बंद. गच्चीवरच्या साठ्यातलं दोनशे लिटर पाणी हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) टाकून बदललं. घरात कोणी काही म्हणालं नाही, पण उद्या कपडे धुणं नाही हे सगळ्यांना कळलं.

२७ जून

दूध ओसरलं. मासे सगळे जागेवर. मोठा ऑस्कर काचेपाशी येऊन दाणा मागतोय म्हणजे ठीक आहे.

३० जून

आता नीट. स्पंज. गादीवाल्याकडचा साधा फोम चालतो का याची एक परीक्षा आहे: तुकडा ओठांना लावून फुंकायचं. हवा पलीकडे सहज गेली तरच पाणी जाईल. गादीच्या फोमला बहुतेक छिद्रांवर पातळ पापुद्रे असतात, त्यातून गालच फुगतात. गाळण्याच्या कामाचा उघड्या छिद्रांचा फोम वेगळा येतो. तो दोन जाडीचा घेतला, ४२० रुपये. आधी मोठ्या छिद्रांचा, मग बारीक, आणि शेवटी उशीत भरतात तो रेक्रॉनचा पांढरा थर, बोटभर जाड. पॉलिएस्टर आहे, कुजत नाही, खळही नाही. १८० रुपयांत एवढा आला की पुढची दोन वर्षं बघायला नको. घेताना सुगंध लावलेला किंवा रंगीत घेऊ नये.

रेक्रॉन जाड ठेवण्याचा मोह होतो. तो दोन दिवसांत तुंबतो, आणि तुंबला की पाणी भांडत बसत नाही, ट्रेच्या कडेने वाट काढतं. वरून बघावं तर सगळं शांत वाहतंय, आणि गाळलं काहीच जात नाही.

कॅलेंडर: महिना दिसतो. तारखा नाहीत.

७ जुलै

आठवडा झाला, पाणी स्वच्छ व्हायला हवं होतं तेवढं नाही. पाण्यात कचरा दिसत नाही, तळ साफ आहे, तरी पाण्याला पिवळट झाक आणि नायट्रेटचा (घाणीतून शेवटी बनून पाण्यात साठत जातं ते) रंग तपासायच्या किटमध्ये गडद लालच, ८० पीपीएम किंवा त्यावर. बारीक रेक्रॉन अजून एक थर टाकू का या विचारात होतो.

संध्याकाळी अण्णा आले, आमचे बॉयलरवाले. माशांत त्यांना रस नाही, पाईप बघायला आले होते. पहिल्या ड्रमचं झाकण काढलं. तळाशी टीचभर काळा चिखल, वरून बुडबुडे.

"हे कधी काढतोस?"

"भरला की काढायचा. अजून जागा आहे की."

"बॉयलरला ब्लोडाऊन कधी देतोस?"

"पाळीला एकदा."

"तिथं बी जागा असती की. मग कशाला देतोस?"

यावर काय बोलणार? बॉयलरच्या तळाला गाळ बसतो, तो तिथे शिजू द्यायचा नाही, म्हणून ठरल्या वेळी खालचा व्हॉल्व्ह सटकन उघडून काढायचा. हे मी वीस वर्षं करतोय. आणि घरी, ड्रमात बसलेली घाण टाकीतून गेली असं धरून चाललो होतो. कुठे गेली? तेच पाणी तिच्यावरून तासाला सतराशे लिटरने फिरतंय. ती तिथे विरघळून अमोनिया, पुढे नायट्रेट होऊन परत वर येतेय. मी फक्त संडास टाकीच्या बाहेर, ड्रमात हलवला होता.

व्हॉल्व्ह उघडला. पहिलं दीड-दोन लिटर काळं, मग तपकिरी, मग स्वच्छ. अण्णा म्हणाले, "हळू उघडू नको, एकदम उघड. हळू उघडलास तर नुसतं पाणी येतं, गाळ बसून राहतो." बरोबर. एका झटक्यात उघडला की मध्यावरचा ढीग उचलला जातो.

८ जुलैपासून

एक दिवसाआड, सकाळी कामावर जायच्या आधी: पंप बंद, दोन मिनिटं थांबायचं, व्हॉल्व्ह एकदम उघडायचा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. चार-पाच लिटर जातात. ते कढीपत्त्याला आणि जास्वंदीला. रेक्रॉन दर तिसऱ्या दिवशी नळाखाली धुवायचा, त्याच्यावर जंतू जपायचे नाहीतच. घासण्या मात्र टाकीतल्याच पाण्यात हलवायच्या, क्लोरीनचं पाणी त्यांना लावायचं नाही, कारण अमोनिया खाणारे जंतू आता तिथेच राहायला आलेत. सगळं मिळून सात मिनिटं. घड्याळ लावून बघितलं.

झाकणाला ताग्याची जुनी चिठ्ठी चिकटवली आहे, ब्लोडाऊन दिला की तारीख मारायची. मी पाळीवर असलो तर मुलगा देतो. त्याला काळं पाणी बघायला आवडतं.

१७ जुलै

आषाढी. कॅलेंडर: तारखा लागतात. एकादशी लाल अक्षरात आहे हे कळतं, पण ते माहीत असल्यामुळे की दिसल्यामुळे, सांगता येत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला वाचायला लावायचं.

२६ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर. नळाला आलं ते गढूळ. टाकीत घातलं नाही, पिंपात तुरटी फिरवून ठेवलं.

रात्री अकराला लाईट गेली, सकाळी सहाला आली. टब सांडला नाही, जूनमधलं गणित कामाला आलं. बॅटरीवरचा हवेचा पंप टाकीत लावला होता. लाईट आली आणि सवयीने पंपाच्या स्विचकडे हात गेला, तेवढ्यात ड्रममधून सडक्या अंड्याचा वास आला. सात तास पाणी थांबलेलं, गाळात ऑक्सिजन संपलेला. ते पाणी तसंच टाकीत ढकललं असतं तर पूर वाचवून मासे घालवले असते. दोन्ही ड्रम पूर्ण रिकामे केले, घासण्या टाकीच्या पाण्यात विसळल्या, पिंपातलं पाणी भरलं, मग सुरू. नव्वद लिटर गेलं. दोन तासांहून जास्त वेळ बंद असेल तर असंच करायचं, स्विचवर पाटी लावली आहे.

११ ऑगस्ट

नायट्रेट ४०. पाणी तेवढंच बदलतोय जेवढं ब्लोडाऊनमध्ये जातं, आठवड्याला पंधरा-वीस लिटर, आणि वर पंधरवड्यातून एकदा साठ. पूर्वी यापेक्षा तिप्पट घालवून ८० यायचं.

मुलाला टोकाला उभं करून वाचायला लावलं. तारखा सगळ्या. तिथ्यांची बारीक अक्षरं निम्मी. "बाबा, गॅसची टाकी कधी लावली ते पेनने लिहिलंय ते पण दिसतंय."

१ सप्टेंबर

हिशेब, बायकोने मागितला म्हणून. पंप ११५०, ड्रम ५००, पाईप-फिटिंग १२४०, काचेचं भोक ३००, फोम ४२०, रेक्रॉन १८०, टब ३५०, सोल्यूशन आणि सिलिकॉन १९०, घासण्या १२०. एकूण ४४५०. पंपाची वीज दिवसाला एक युनिटला थोडी कमी, महिन्याला २९. मलमल फुकट होती, ती सगळ्यात महाग पडली.

बाकी कामं: परतीच्या पाईपच्या भोकावर शेवाळ धरतंय, काडीने साफ करायचं. बंद झालं तर ११३ लिटर. पाण्यावरची तुसाची साय अजून जात नाही, ओव्हरफ्लोच्या तोंडाला दाते असलेली पट्टी लावून बघायची, वरचं पाणी जास्त ओढलं जाईल. गणपतीत पाहुणे येणार, त्यांना सांगायचं की निळ्या ड्रममध्ये हात घालू नका. आणि गेल्या वर्षीसारखं मोदकाचं सारण ऑस्करला घालू नका.